सात वेळा धुतलेला कोरा टॉवेल

कोरा टॉवेल पाणी पीत नाही. हाताला मऊ लागावा म्हणून शेवटी त्यावर जी प्रक्रिया करतात, तिच्यामुळे पाणी वरच्यावर घरंगळतं. तीन-चार धुण्यांनंतर तो अंग पुसायच्या लायकीचा होतो. सोलापुरात हे कुणालाही विचारा. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी प्रदर्शनात मी ‘पहिल्या दिवसापासून पाणी पिणारा टॉवेल’ मांडला, तेव्हा त्याची बातमी झाली.

टॉवेल आमच्या कारखान्यातला नेहमीचाच होता. बायकोने तो घरी सात वेळा धुतला, मी इस्त्री करून लेबल लावलं.

“उष्टं ताट नैवेद्याला ठेवायला निघालाय की तुमी,” ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

आमच्याकडे पत्रकार आले की त्यांना एक पिशवी देतात. आत एक चादर आणि आपणच लिहून ठेवलेली बातमी. बरेच जण ती तशीच छापतात. एका बाईंनी मात्र पिशवी घेतली नाही. म्हणाल्या, “पाणी आणा.” मी तोच टॉवेल पुढे केला. त्यांनी अर्धा पेला ओतला, टॉवेलने थेंब ठेवला नाही. ‘मी डोळ्यांनी पाहिलं’ असं त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिलं.

ते कात्रण बघून पंढरपूरच्या एका लॉजवाल्याने माल नेला. आठवड्यात त्याचा फोन. “शेठ, गिऱ्हाईक अंग पुसतंय का पाणी पसरवतंय तेच कळंना झालंय. पेपरातला टॉवेल येगळा व्हता काय?”

मी म्हणालो, “तुमच्याकडचं पाणी जड असेल.”

असे फोन त्या बाईंनाही गेले. पुढे एका पत्रकार परिषदेत चहाच्या टेबलाशी कुणीतरी म्हणालं, “टॉवेल मॅडम, आज काय भिजवणार?” सगळे हसले. बाई कप ठेवून निघून गेल्या. मी तिथेच होतो. हसणाऱ्यांत मीही होतो. हे मी घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

यंदा आम्ही चौकड्यांच्या विणीचा हलका टॉवेल काढला. लवकर वाळतो, खरोखर चांगला आहे, आणि बातमी येणं गरजेचं होतं. प्रदर्शनात पिशव्या भरून तयार होत्या. त्याच पत्रकार बाई समोरून चालल्या होत्या, आमच्या स्टॉलकडे न बघता. आधी जुनं खरं सांगायचं, मगच नवा माल दाखवायचा, हे मी घरूनच ठरवून आलो होतो. मी त्यांना गाठलं.

“मॅडम, दोन मिनिटं.”

“टॉवेल असेल तर नको शेठ. अजून त्याच नावानं हाक मारतात मला.”

मी तिथेच, येण्याजाण्याच्या वाटेवर, सगळं सांगितलं. धुणं, इस्त्री, लेबल, पंढरपूरचा फोन, आणि ते हसणंसुद्धा.  मग त्यांनी विचारलं, “घरच्यांना माहीत होतं?”

“होतं. बायको नकोच म्हणत होती.”

“हे लिहू?”

हा प्रश्न माझ्या हिशेबात नव्हता. माफी मागेन, त्या दोन शब्द सुनावतील, मिटेल, एवढंच मी धरलं होतं.

“नावासकट?” मी विचारलं.

“माझं तेव्हा नावासकटच आलं होतं.”

“लिहा.”

त्यांनी वही काढली. “नवीन मालाचं यात काही येणार नाही. चालेल?”

“चालेल,” म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. मोठी आली, आणि नव्या टॉवेलचं तिच्यात अक्षर नव्हतं. मी ती कापली आणि स्टॉलवर मालाच्या वरच्या बाजूला चिकटवली. शेजारच्या स्टॉलवाले वाचून थांबले.

“शेठ, असलं कुणी लावतं व्हय?”

“मी लावतोय,” म्हणालो, आणि कात्रणाचा सुटू पाहणारा कोपरा अंगठ्याने दाबून धरला. प्रदर्शन अजून दोन दिवस होतं.