माझ्या कानांना पुरेसा स्ट्रीमर

माझ्या साताऱ्याच्या घरातला सीडी प्लेअर दोन वर्षांपूर्वी बंद पडला. लेन्स गेली होती आणि तसली लेन्स आता कुठंच मिळेना. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर मात्र ठणठणीत होते. शाळेत विज्ञान शिकवत असताना एकेक करून जमवलेली ती सिस्टीम, आणि तिच्यातली प्रत्येक वस्तू सांगलीच्या दादाला विचारून घेतलेली.

हा दादा माझा सख्खा भाऊ नव्हे. वीसेक वर्षांपूर्वी औंधला गाण्याच्या एका बैठकीत तो माझ्या शेजारी बसला होता. मध्यंतरात चहा घेताना आम्ही तिथल्या स्पीकरच्या फाटक्या आवाजावर बोललो, आणि ते बोलणं पुढं कधी थांबलंच नाही. तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, बँकेतून निवृत्त झालेला. त्यानं मला ऐकायला शिकवलं, असं मी सगळ्यांना सांगायची. त्याची बायको कवठे महांकाळकडची. ती मला गमतीनं वन्सं म्हणायची, आणि ती गंमत हळूहळू खरीच होऊन गेली.

नवीन सीडी प्लेअरपेक्षा स्ट्रीमर घ्यावा असं मी ठरवलं. इंटरनेटवरचं किंवा आपल्या हार्ड डिस्कवरचं गाणं घेऊन ॲम्प्लिफायरला पोचवणारा डबा, एवढंच त्याचं काम. महिनाभर वाचून मी माझ्या गरजा वहीत लिहिल्या. माझ्या जुन्या ॲम्प्लिफायरला फक्त लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरी चालतात, म्हणजे डिजिटलचं ॲनालॉग करणारा भाग डब्यातच हवा. घराच्या भिंती जाड, वायफाय सारखं तुटतं, म्हणून नेटवर्कची केबल जोडता यायला हवी. आणि उद्या कंपनीनं ॲप बंद केलं तरी हार्ड डिस्कवरची गाणी वाजायला हवीत. या सगळ्यात बसणारा एक छोटा, काळा, बिनपडद्याचा स्ट्रीमर मी पुण्याच्या एका दुकानात हेरून ठेवला आणि दादाला फोन केला.

तो हसला. म्हणाला, ते खेळणं आहे, आवाज पातळ, तुझ्या स्पीकरांची हौस भागायची नाही. त्यापेक्षा माझा मोठा स्ट्रीमर घेऊन टाक. मी हल्ली कमी ऐकतो, चांगल्या घरी तरी जाईल. मी सांगलीला येते म्हणाले तर नको म्हणाला. संक्रांतीला स्वतःच गाडीत घालून घेऊन आला. ॲपबद्दल विचारलं तेव्हा, "कंपनी मोठी आहे गं, ती काळजी तू नको करू," एवढंच बोलला. त्यानं सांगितली ती किंमत मी दिली, आणि वहीतली शेवटची अट स्वतःच्या हातानं खोडली.

चार महिने सुखाचे गेले. मे महिन्यात ॲप उघडलं तर सूचना होती, या मॉडेलची सेवा महिनाअखेरीस बंद होत आहे. शोधल्यावर कळलं, कंपनीनं हे आदल्या वर्षीच जाहीर करून प्रत्येक ग्राहकाला मेल पाठवला होता. ॲपशिवाय तो डबा हार्ड डिस्कवरचंही काही वाजवत नव्हता. माझ्या मनात आलं ते एवढंच, की दादाच्या नजरेतून मेल सुटला असणार. फोनवर सांगितलं तर त्याला ओशाळल्यासारखं होईल. मी डबा पिशवीत घातला आणि सकाळच्या एसटीनं सांगलीला निघाले. त्याला वाईट वाटणार नाही अशी वाक्यं वाटेत जुळवत होते.

दार वहिनीनं उघडलं. दादा आंघोळीला गेला होता. मी बाहेरच्या खोलीत बसले आणि समोरच्या रॅककडं लक्ष गेलं. तिथं तो छोटा काळा स्ट्रीमर होता, मी हेरलेला, तोच. दिवा लागलेला, मागं केबल जोडलेली. क्षणभर वाटलं, माझ्यासाठी तपासून बघायला आणला असेल.

"हे कधी आणलं, वहिनी?"

"ते व्हय? दिवाळीत. जुन्याचं बंद होणार म्हणून कंपनीचं कायतरी आलं होतं न्हवं, तवाच आणलं. लय गोड वाजतंय, वन्सं."

तिच्या मनात काही नव्हतं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि मी तो घेतला.

दादा बाहेर आला. त्यानं पिशवी बघितली, मग मला. तुला माहीत होतं का, असं मी विचारलं. तो नाही म्हणाला नाही. डबा पडून वाया गेला असता, अजून वर्ष-दोन वर्षं सहज चालेल असं वाटलं होतं, असं काहीबाही सांगत राहिला.

"मग याला खेळणं का म्हणालास?"

खांद्यावरचा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकत तो म्हणाला, "अगं, तू फावल्या वेळात ऐकणारी. तुझ्या कानांना तो जुना डबाही पुरला असता."

"आवं, काय बोलताय हे," वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

डब्याचं मला फारसं काही वाटलं नसतं. पण वीस वर्षं आम्ही एकाच गाण्यापुढं शेजारी बसून ऐकतोय असं मी समजत होते, आणि तो मला ऐकणाऱ्यांत धरतच नव्हता. पैसे परत करतो म्हणाला. मी बरं म्हणाले, डबा टेबलावर ठेवला आणि उठले. वहिनी जेवून जा म्हणत फाटकापर्यंत आली. मी एसटी स्टँडचा रस्ता धरला.

पुढच्या आठवड्यात मी पुण्याला गेले. दुकानदाराला तीन स्ट्रीमर आलटून पालटून लावायला सांगितलं, आणि मी पाठ फिरवून बसले. तिन्ही फेऱ्यांत मला आवडलेला आवाज छोट्या काळ्याचाच निघाला. तोच घेतला. घरी तो पातळ वाजत नाही. पहिल्याच संध्याकाळी गायिकेनं तान घेण्याआधी घेतलेला श्वास इतका स्वच्छ ऐकू आला, की माझा हात आपसूक फोनकडं गेला. दादाचा नंबर लावायच्या आत मी थांबले, आणि तसाच पुढचा राग ऐकला.

वहिनीचे फोन अजून येतात. ती गुडघ्यांचं सांगते, मी माझ्या बागेचं. तो तिथंच बसलेला असतो, त्याचा खोकला ऐकू येतो. फोन त्याच्याकडं दे, असं मी अजून म्हटलेलं नाही.