हरण्याच्या कुशीवरचा मोर

बैलाच्या अंगावर मेंदीनं मोर काढू नये. काढायचाच असेल तर जोडीच्या बैलाला दिसणार नाही अशा बाजूला काढावा. एवढं सांगितलं की माझं शेतीतलं ज्ञान संपलं! पण ते मिळवायला एक अख्खा हंगाम गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते. आमच्या चिखलीतली तरणी माणसं सकाळी भाकरी बांधून तिकडे जायची, आणि मी खडकीच्या एका कारखान्यातली कोठारातली नोकरी सोडून चिखलीत साडेतीन एकर रान घेऊन राहायला आलो होतो. त्या रस्त्यावर उलट्या दिशेनं जाणारा मी एकटाच. (एक म्हैसही होती, पण तिला हाकून आणत होते.)

जन्मभर खिळे-मोळे मोजल्यावर मला निसर्गात राहून चित्रं काढायची होती, तीही निसर्गातल्याच रंगांनी. हळद, गेरू, काजळी, पळसाची फुलं! पहिल्या वर्षी कोंबड्या मुंगसानं नेल्या. भुईमूग पावसात कुजला. घराच्या भिंतीवर मी कमळांचं तळं काढलं, ते छप्पर गळून खरोखरच तळं झालं.

"तुमचं तेवढं एकच चित्र हुबेहूब आलं," बायको म्हणाली.

पुण्याला परत जायचं म्हणून भांडणंही तिनं आता सोडून दिलं होतं. नुसती ट्रंकेजवळ बसून राहायची. भांडण परवडलं, पण ते ट्रंकेजवळ बसणं नको!

सगळी आशा आता रब्बीच्या ज्वारीवर होती. माझ्याकडे बैल एक, हरण्या. शेजारच्या कोंडिबाकडेही एकच, गुलब्या. दोघं पांढरेशुभ्र. म्हणून आम्ही सावड केली होती, म्हणजे दोघांचे बैल एका जुवाला जुंपायचे, आधी त्याचं रान पेरायचं, मग माझं. कोंडिबाचं रान माळाचं, लवकर वाळणारं, म्हणून पहिला मान त्याचा.

कोंडिबाचा थोरला भाऊ पिंपरीला बांधकामावर जायचा. तो रोज संध्याकाळी त्याला डिवचायचा, "कोंडू, किती दिस ढेकळं फोडशील? चल विटा उचलायला."

"यंदा जुंधळा न्हाई आला तर येतो," कोंडिबा म्हणायचा. "आला तर मातुर पुन्यांदा इचारायचं न्हाई."

दोघा भावांचं असं ठरलं होतं, आणि ते मला माहीत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

भाद्रपदातल्या अमावास्येला आमच्याकडे पोळा. कोंडिबानं गेरूत वाटीचा काठ बुडवून गुलब्याच्या अंगावर गोल ठिपके उठवले आणि झालं त्याचं. मला ते पाहवेना. अरे, इंद्रायणीच्या काठाला मोर नाचतात आणि तुम्ही बैलावर वाट्या उठवता? शिवाय गेरू एका सरीत धुऊन जातो. मला टिकाऊ काम हवं होतं. (कोठारातली सवय.) आमच्या कुंपणाला मेंदी होती. मी पाटीभर पाला तोडून बायकोपुढे ठेवला.

"एवढी मेंदी कुणाला?"

"हरण्याला."

"लग्न आहे का त्याचं?"

पण वाटून दिली बिचारीनं. कितीतरी दिवसांत ती ट्रंकेपासून एवढा वेळ लांब बसली नव्हती, त्याचंच मला समाधान.

गोठ्यात उजेड एकाच बाजूनं यायचा, म्हणून मी हरण्याच्या डाव्या कुशीवर मोर काढायला घेतला. पिसारा फुलवलेला, पुठ्ठ्यापासून खांद्यापर्यंत. प्रत्येक पिसावर डोळा, डोळ्यात बुबुळ. कुठं कसर ठेवली नाही. दुसऱ्या बाजूला वेलबुट्टी काढणार होतो, पण मेंदी संपली. सकाळी वाळलेला लेप झाडला तर पांढऱ्या अंगावर केशरी मोर असा काही उठला होता की मी दोन पावलं मागे सरून स्वतःलाच मान डोलावली.

पहिली दाद दिली कोंडिबाच्या आईनं. सखूबाई शेण न्यायला आली आणि पाटी टाकून ओरडली, "आगं बया! बैलाला देवी आल्या!"

"मोर आहे तो, सखूबाई."

"मोर? मंग ह्ये फोड कसलं?"

"डोळे आहेत, पिसाऱ्यावरचे."

"एवढं डोळं?" ती गोठ्याच्या दारातूनच परत फिरली. त्या दिवशी शेण नेलं नाही.

पोळा झाला, मिरवणूक झाली. वेशीपाशी लोकांनी मोराला भोपळा, पंखा आणि फुटलेलं डाळिंब म्हटलं. मी रागावलो नाही. मग पाऊस झाला, उघडला आणि रानाला वाफसा आला. वाफसा म्हणजे माती ओली खरी, पण पायाला चिकटत नाही, अशी वेळ. माळाच्या रानात ती चार-पाच दिवस टिकते. तेवढ्यात पेरलं तर पेरलं.

कोंडिबानं पेरणीची पाभर काढली. सखूबाई बियाणं ओटीत घेऊन उभी राहिली. हरण्याला उजव्या अंगाला जुंपलं आणि गुलब्याला त्याच्या डाव्या अंगाला आणलं. गुलब्यानं मान वळवली. समोर पिसारा! सगळे डोळे त्याच्यावर रोखलेले! त्यानं असा काही हंबरडा फोडला आणि दावं तोडून जो सुटला, तो ओढ्यापलीकडे जाऊन थांबला.

"आप्पा, ह्ये काय करून ठिवलं वं?" कोंडिबा धापा टाकत म्हणाला.

खरं सांगतो, क्षणभर मला अभिमान वाटला. माणसांना भोपळा दिसला, पण बैलाला मोर दिसला! मग कोंडिबाच्या तोंडाकडे पाहिलं आणि अभिमान जागच्या जागी बसला.

"बाजू बदलू," मी म्हणालो. "हरण्याला डावीकडे घेऊ. मोर बाहेरच्या अंगाला जाईल."

"उजवीकडचा बैल डावीकडं चालंल व्हय? ल्हानपनापासून त्येच्या खांद्याला तीच सवं हाय."

तरी करून पाहिलं. दोघं एकमेकांना ढकलत बांधावर चढले. दुसऱ्या कुणाचा बैल मागावा, तर सगळ्या गावाला वाफसा एकदाच आलेला!

मग धुणं सुरू झालं. रिठे झाले, शिकेकाई झाली, कपड्याचा साबण झाला. मोर आणखी स्वच्छ झाला. कोंडिबाला आठवलं, चुन्याच्या निवळीनं डाग जातात. लावली निवळी. ओसरीवरून बायको म्हणाली, "अहो, मेंदी रंगावी म्हणून बायका चुना लावतात." हे तिनं निवळी लावून झाल्यावर सांगितलं. संध्याकाळपर्यंत केशरी मोर रक्तासारखा लाल झाला.

"आधी का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुम्हाला रंग चढवायचाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही मोरावर चिखल थापला. गुलब्या मुकाट्यानं जुवाखाली आला. कोंडिबानं देवाचं नाव घेतलं, पाभर हलली. पण ऊन तापलं, चिखल वाळला आणि चालता चालता पोपडे गळायला लागले. एक पोपडा गळला, एक डोळा उघडला. दुसरा गळला, दुसरा उघडला. मोर एकदम दिसणं एक वेळ ठीक, पण चिखलातून एकेक डोळा आपल्याकडे बघायला लागतो म्हणजे काय! गुलब्या या खेपेला पाभरीसकट गेला. पाभरीचा एक फण मोडला, तो रात्री बसवावा लागला.

पोतं बांधलं तर ते वाऱ्यानं फडफडायचं. सखूबाई म्हणाली, झूल घाला. पोळ्याची झूल चढवली. मोर पुरता झाकला. पण हरण्याला वाटलं, पुन्हा पोळा! पोळ्याच्या दिवशी जू नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. तो सरळ आमच्या दारात येऊन पुरणपोळीची वाट बघत उभा राहिला. ओढून हलेना, मारून हलेना. शेवटी बायकोनं शिळी भाकरी पुढे केली, ती त्यानं नुसती हुंगली.

त्या संध्याकाळी कोंडिबा बांधावर बसून माती मुठीत घेऊन बघत होता. मूठ उघडली की माती सुटी होऊन सांडायची. भाऊ कामावरून आला आणि उभा राहिला. या खेपेला तो चेष्टा करत नव्हता, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

"मुकादमाशी बोलू का रं?"

"उद्याचा दिस बघतो," कोंडिबा म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आलो तर बायको ट्रंकेजवळ. तिथूनच म्हणाली, "त्या बैलाला मोर दिसू नये एवढंच ना? मग मध्ये कुणीतरी उभं राहा."

"कुणी?"

तिनं कोपऱ्यातली घोंगडी माझ्याकडे सरकवली.

सकाळी मी दोन बैलांच्या मध्ये जुवामागे शिरलो. उजवीकडे मोर, डावीकडे गुलब्या, अंगावर पसरून धरलेली घोंगडी. कोंडिबानं विचारलं, "आप्पा, जमंल?" मी म्हणालो, "हाक." आणि पाभर चालू लागली! सखूबाई पाभरीच्या चाड्यात, म्हणजे वरच्या लाकडी नरसाळ्यात, बी सोडत मागून येत होती, आणि मी हरण्याच्या कुशीला पाठ लावून, घोंगडी सावरत, बैलांच्या पावलाला पाऊल मिळवत चाललो होतो. गुलब्याचं शेपूट दर वळणाला तोंडावर यायचं. चाबकाचा शेंडा माझ्या पाठीवर बसला तो चुकून, असं कोंडिबाचं आजही म्हणणं आहे.

कामाला निघालेली माणसं बांधावर थांबली.

"कोंडिबा, मधला कुठल्या बाजारातनं आनला?"

"दातं बघून घ्येतला का न्हाई?"

"आप्पा, रवंथ करा की जरा!"

कोंडिबाचा भाऊ मात्र हसला नाही. तो कामाचा खाडा करून सखूबाईच्या हातातलं बियाणं घेऊन मागून चालत होता.

कोंडिबाचं रान त्या दिवशी पेरून झालं, शेवटच्या ओळीपर्यंत. माझ्या रानाकडे वळायला मात्र उशीर झाला होता. माझी काळी माती ओल जास्त धरते खरी, पण दुसऱ्या दिवशी पाय टाकला तर वरचा थर त्या उन्हानं भाजून कडक, फण आत शिरेना. कोंडिबा म्हणाला, "तरीबी पेरू." मी नको म्हणालो. बियाणं मातीत घालून वाळवण्यापेक्षा पोत्यात बरं.

कोंडिबाची ज्वारी डोक्याइतकी वाढली. विटांचा विषय निघाला नाही. माझी साडेतीन एकर काळी जमीन सबंध हिवाळाभर तशीच पडून राहिली आणि आम्ही दाणा बाजारातून आणून खाल्ला. बायको ओसरीत बसून कोंडिबाच्या रानाकडे बघायची, आमच्याकडे नाही. कोंडिबानं हरण्यापुरता कडबा आणून टाकला. मोर उन्हाळ्यापर्यंत टिकला. मग हरण्यानं केस टाकले, तेव्हा एकेक पीस गळून गेलं.

माझ्या चित्राबद्दल गावात अजून दुमत आहे, भोपळा की डाळिंब. पण मला टोचतं ते निराळंच. ज्या गुलब्यानं मोर बघून दावं तोडलं, तोच दिवसभर माझ्या खांद्याला खांदा घासत चालला, आणि मध्ये हे कोण आलंय म्हणून त्यानं एकदासुद्धा मान वळवून पाहिलं नाही!