काथ्याचा तास

आमच्या खाडीकाठच्या शाळेत दुपारी काथ्याचा तास असे. प्रत्येक शाळेत एखादा हस्तोद्योग शिकवावा लागे, आणि गावच्या शाळा समितीने आमच्यासाठी काथ्या निवडला होता. मुलींनी घरून काथ्या आणायचा, वर्गात बसून सुंभ वळायचा आणि संध्याकाळी घरी न्यायचा. घरचं काम शाळेतच होई, म्हणून आया मुलींना पाठवत.

माझी मैत्रीण त्यातलीच. या वैशाखात ती गेली. तेव्हापासून मला ती वर्गातलीच दिसते, पुस्तक मांडीवर उघडं आणि दोन्ही हात सुंभात. पान संपलं की मला कोपर मारायची, "उलट गो बेगीन, माजो हात मोकळो नाय." माझ्याआधी तिचं वाचून झालेलं असे.

आम्ही चौथीत असताना वरून हुकूम आला. सगळ्या राज्यात आता एकच अभ्यासक्रम, आणि आमच्या शाळेला सूतकताई. टकळ्या आल्या, पेळू आले. काथ्याचे भारे वर्गाबाहेर गेले.

दुसऱ्याच दिवशी तिची आई शाळेच्या दारात उभी.

"मास्तरांनू, कापूस काय माडार लागता?"

"माज्या हातात काय नाय गो. वरसून हुकूम इलो."

"मगे वरच्यांका सांगा, हयसर येवन एक दिवस काथ्यासाठी नारळाची सोडणां झोडा. माजा चेडू घराक नेतंय मी."

मास्तर समितीच्या लोकांना घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. साहेबांनी चहा दिला, ऐकूनही घेतलं. म्हणाले, "गावागणिक शिक्षण वेगळं झालं, तर मूल दुसऱ्या शाळेत गेल्यावर काय करील?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढे मी शहरातल्या शाळेत गेले, तेव्हा माझं काहीच अडलं नाही. ज्या नियमाने मला पुढे नेलं, त्यानेच तिला घरी बसवलं. इतक्या वर्षांत या दोन गोष्टींची सांगड मला घालता आलेली नाही.

मास्तर अर्ज करत राहिले. दोन-तीन वर्षांनी काथ्याला परवानगी मिळाली. त्याच संध्याकाळी ते तिच्या घरी गेले. सुट्टीत आलेली मी तिच्याजवळच बसले होते.

"उद्यापासून ये गो शाळेत. काथ्या घेवन ये."

तिने विचारलं, "खंयच्या वर्गात बसवतलात?"

"चौथीत, सोडलंस थंयच."

"म्हंजे आमच्या बारक्या भावाच्या बाजूक? तो माका बाकावरसून ढकलून घालतलो!"

ती मोठ्याने हसली. आईही हसली. मास्तर हसले नाहीत. "पुस्तक मी देतंय," एवढंच म्हणाले. तिने आईकडे पाहिलं. आईने काथ्याचा पुढचा पेंडा तिच्याकडे सरकवला.

तिने तो घेतला आणि वळायला लागली. मास्तर बराच वेळ अंगणात उभे होते.