सोनूबाईंच्या चेहऱ्याखाली लिहिलेलं ‘आधी’

मनोरीच्या सोनूबाई तीस वर्षं बोरिवलीच्या बाजारात सुकी मासळी विकतायत. एकदा त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाईक उत्तराताई बोंबील निवडता निवडता म्हणाल्या, “मावशी, स्टेशनाजवळच्या क्रीमच्या दुकानात तुमचा फोटो लागलाय!”

टोपलीवर फडकं टाकून, शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून सोनूबाई सुनेला, दिपालीला, घेऊन तरातरा निघाल्या.

दुकानाच्या काचेवर माणसाएवढं पोस्टर. डावीकडे उन्हात बोंबील वाळत घालणाऱ्या सोनूबाई. सुरकुत्या मुद्दाम काळ्या केलेल्या, खाली लिहिलेलं ‘आधी’. उजवीकडे गुळगुळीत गालांची पोरगी, ‘नंतर’. मधे एक चिमुकली जेलीफिश.

“ही जेलीफिश म्हातारी झाली की परत लहान होते, तसं या क्रीमनं होतं, असं लिहिलंय,” दिपाली म्हणाली.

“खरंच होते लहान?”

“ती होते. मी वाचलंय. जखमी झाली, उपाशी पडली की पुन्हा पहिल्यापासून वाढते. क्रीमच्या मात्र थापाच.”

“उपाशी तर मी पण राहिले गो,” सोनूबाई म्हणाल्या. “माझं कोणी पोस्टर लावलं नाय तेव्हा.”

हिवाळ्यात एक फोटोवाला गावात आला होता. कोळणींच्या फोटोंचं प्रदर्शन आहे म्हणाला. सोनूबाईंनी त्याला चहा पाजला, कागदावर सही केली. तेव्हा काढलेला तो हा फोटो.

त्या थेट आत शिरल्या. मॅनेजर सुबोध हसत पुढे आला. “मावशी, तुम्ही तर स्टार झालात! ही घ्या एक डबी, फ्री.”

“डबी तुझ्या आयशीला दे! हे तोंड काय बिघडलंय म्हणून लावलंस? नवरा गेल्यावर तीन पोरं याच तोंडानं ओरडून मासे विकत वाढवली मी. काढ ते!”

“वरून आलंय मावशी. मला काढता येत नाही.”

“मग मी काढते.”

त्यांनी काचेवरचा कागद कोपऱ्यातून धरला आणि फर्रकन ओढला. अर्धी जेलीफिशही सोबत आली. सुबोध पोलिसांचं नाव घेऊ लागला. पण गिऱ्हाईक बायाच सोनूबाईंच्या बाजूनं बोलायला लागल्या, तसा काउंटरमागे सरकला.

दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याचा फोन आला. “सही तुम्हीच केली होती, मावशी.”

“त्या कागदावर माझं तोंड वाईट आहे असं लिहिलेलं काय रे?”

त्यानं फोन ठेवला. नवीन पोस्टरवर सोनूबाई नाहीत. माफी मात्र आजवर कुणी मागितलेली नाही, आणि सोनूबाई ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात.