वळण नसलेली वायर आणि चार मिनिटे

किस्से मुद्दाम जमवावे लागतात असे ज्याला वाटते, त्याने दौंडच्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांत एक नवे यंत्र आणून ठेवावे आणि बाजूला बसावे. आमचे मंडळ तिघांचे: इंजिन ड्रायव्हर सोनवणे आप्पा, गार्ड बशीरमामा आणि पार्सल कचेरीतला मी. यंत्र म्हणजे मीडिया प्लेयर नावाची एक डबी. आप्पांचा मुलगा सतीश रांजणगावच्या कारखान्यात नोकरीला होता; त्याने ती आणली. आतल्या खोलीतील संगणकावरचे चित्रण वायरीतून बाहेरच्या टीव्हीवर दाखवणे हे तिचे काम. तिची माहितीपुस्तिका मी दोनदा वाचली. इतरांना ती वाचण्याची गरज भासली नाही. त्यांना सर्व काही नोकरीतच समजून चुकले होते!

डबी आणण्यामागे एक वाद होता. आपण दौंडला आणलेली शेवटची गाडी अगदी वेळेवर आली, असे आप्पा सांगत. त्याच गाडीचे गार्ड बशीरमामा म्हणत, "चार मिनिटं लेट." त्या दिवशी फलाटावर निरोपाचे चित्रण झाले होते आणि त्यात फलाटाचे घड्याळही आले होते. ती जुनी कॅसेट सतीशने आता संगणकावर चढवली होती. आधी कोणी पाहायचे नाही, सर्वांनी टीव्हीवर एकदमच पाहायचे, असे ठरले.

आप्पांनी सर्वांसमक्ष जाहीर केले, "उशीर निघाला, तर पुन्यांदा रेल्वेचा शब्द तोंडातनं काढणार न्हाई!"

आप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "मग ह्ये बोलणार तरी काय?"

*

वायर टाकताना सतीश भिंतीच्या कडेकडेने निघाला. आप्पांनी त्याला अडवले.

"वळणावर स्पीड कमी करावा लागतो, एवढं कळत न्हाई?"

वायरीतल्या संकेताला वळणाने काही फरक पडत नाही, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले.

"भाऊसाहेब, इंजिन तुम्ही चालवलं का मी?"

हा पुरावा निर्णायक ठरला. वायर आतल्या खोलीतून निघाली आणि स्वयंपाकघर ओलांडून सरळ बाहेर आली. छातीच्या उंचीवर, ताणून!

तिसऱ्या दिवशी टीव्हीवरचा चित्रपट अडखळू लागला. शोध घेता असे आढळले, की काकूंनी वायरीवर ओले टॉवेल वाळत घातले होते आणि त्या भाराने टोकाचा प्लग ढिला झाला होता.

"लाइनवर अतिक्रमण!" आप्पा गरजले.

"मग लाइन माझ्या शेगडीवरनं कशाला नेली?"

काकूंचा मुद्दा नियमाला धरून होता.

*

एवढ्यावर आप्पांचे समाधान झाले नाही. ते शिरूरला जाऊन नवी वायर घेऊन आले. दुकानदाराने सांगितले होते, "आप्पा, ही हजारची. सेकंदाला हजार मेगाबिट! डोळे झाकून न्या."

आप्पांनी ती डोळे झाकूनच आणली. डबी स्वतः शंभराच्या वर घेत नाही, हे पुस्तिकेत स्पष्ट छापलेले होते. मी ते मोठ्याने वाचून दाखवले.

"छापू द्या. रूळ भारी असला की गाडी आपोआप पळती."

"मालगाडीलाबी तोच रूळ असतो, आप्पा," बशीरमामा म्हणाले.

त्या दिवशी बशीरमामांना चहा मिळाला नाही.

*

नव्या वायरीचा प्लग आप्पांनी स्वहस्ते बसवला. डबीच्या पाठीमागे पिवळा दिवा लागला. मी पुस्तिका घेऊन बसलो आणि तासाभराने योग्य पान सापडले. पिवळा दिवा म्हणजे वेग शंभरावरून दहावर उतरला आहे. प्लगमधील एखादी तार बसली नसावी. हा निष्कर्ष मी काहीशा अभिमानानेच जाहीर केला.

"पिवळा म्हंजी सावकाश," आप्पा म्हणाले. "त्याला तासभर पुस्तक कशाला लागतंय?"

मी पुस्तिका मिटली. सतीशने प्लग पुन्हा बसवला आणि दिवा हिरवा झाला.

*

शेवटी एका रविवारी सकाळी सर्व जमलो. सतीश संगणकावर कारखान्याचे काही काम करीत होता. आप्पांनी त्याला उठवले.

"एका ब्लॉकात, दोन सिग्नलांच्या मधी, एकच गाडी! नियम हाय!"

चित्रण सुरू झाले. एकदाही अडखळले नाही. हार घातलेले इंजिन फलाटात शिरले. खिडकीत आप्पा, हात उंचावलेले. काकू पदराने चष्मा पुसू लागल्या. आप्पांनी मात्र मांडी आवळून धरली होती. त्यांची नजर घड्याळाची वाट पाहत होती. कॅमेरा गर्दीवरून सरकत वर निघाला. घड्याळाचा खांब दिसला, गोल तबकडीची खालची कड दिसली, आणि चित्र जागच्या जागी थिजले!

"स्पीड मेला!" आप्पा ओरडले. सतीश आतल्या खोलीकडे धावला.

मी डबी पाहायला वाकलो. डबीला लागून बशीरमामा बसले होते. वायरीचे टोक त्यांच्या मुठीत होते.

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

"राहू दे रे सतीश," ते म्हणाले. "मला दिसलं घड्याळ. गाडी टायमात हाय."

आप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. "आन् इतकी वर्षं चार मिनिटं, चार मिनिटं करत व्हतास, त्ये?"

"माझं घड्याळ पुढं व्हतं, आप्पा."