पाठ केलेला तक्ता

इंदूरच्या डॉक्टरांनी पमूच्या डाव्या डोळ्यात झोत टाकून बराच वेळ पाहिलं. मग खोलीतला दिवा लावला आणि म्हणाले, "पडदा सुटलाय. किती दिवस झाले?"

"दोन-चार," पमू, माझा धाकटा भाऊ, म्हणाला.

"दोन महिने," मी म्हटलं.

या आजाराला रेटिनल डिटॅचमेंट म्हणतात. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पातळ पडदा असतो, त्यावर चित्र उमटतं. मार लागून त्याला भोक पडलं की तो ओल्या भिंतीवरच्या कागदासारखा सुटत जातो. दुखत अजिबात नाही, तिथेच माणूस फसतो. आधी डासांसारखे काळे ठिपके दिसतात, मग कडेला वीज चमकल्यासारखं होतं, मग एका बाजूने सावली चढते. तुमच्या घरात कोणी असं म्हणालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आम्ही काय केलं ते सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही.

पमू बॉक्सर होता. उज्जैनमध्ये कुस्तीचे आणि मलखांबाचे आखाडे गल्लोगल्ली, बॉक्सिंगला कोण विचारतो? शाळेच्या मागच्या शेडमध्ये एक पोतं टांगलेलं होतं. भैरवगढला कापडावर ठसे छापतात, तिथल्या रंगीत चिंध्या त्यात ठासलेल्या. पावसाळ्यात पोतं दमट झालं की पमू लाल-निळे हात घेऊन घरी यायचा आणि आई कपाळाला हात लावायची.

त्याचे हात आखूड. पहिल्या वर्षी तो सगळ्यांकडून हरला. मग त्याच्या उस्तादांनी त्याला त्याची म्हणून एक लढायची रीत शिकवली. "तेरे हाथ छोटे हैं, तू अंदर घुस. दो खा, एक दे." पमूने ते मनावर घेतलं. समोरच्याचे दोन ठोसे तोंडावर घ्यायचे, खाली मान घालून आत शिरायचं आणि बरगडीत एकच द्यायचा. रोज पहाटे तो हेच घोटत राहिला. जिल्ह्यात जिंकला, संभागात जिंकला, शेवटी राज्यात जिंकला. वर्तमानपत्रात सुजलेल्या डोळ्यासकट त्याचा फोटो आला आणि आईने तो देव्हाऱ्याशेजारी लावला. ती सूज आम्ही दागिन्यासारखी मिरवली. लोक म्हणायचे, काय चिवट पोरगा आहे. चिवट होताच, पण डोळा चिवट नसतो हे कोणी सांगितलं नाही.

तेव्हा गावातल्या कापडगिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. सरकारी नोकरी म्हणजे देव पावल्यासारखं. पमूला एका खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून बोलावणं आलं. मेडिकल आठ दिवसांवर असताना तो मला म्हणाला, "ताई, डाव्या डोळ्यासमोर मच्छर उडून राहिलेत. खालची अक्षरं पुसट दिसतात."

मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ.

"मेडिकल निपटू दे. बाद में इंदूरला दाखवू. तू टेन्शन नको घेऊ."

मी प्राथमिक शाळेत शिकवते. पाठांतरात आमच्या घराचा हात धरणारं कोणी नाही. आजोबा श्लोक, बाबा पाढे, मी कविता. मी चष्म्याच्या दुकानातून डोळे तपासायचा तक्ता मागून आणला. तेव्हा सगळीकडे तोच एक तक्ता असायचा. पमूच्या उजव्या डोळ्यावर माझा तळहात ठेवला आणि त्याच्याकडून घोकून घेतला. ई. एफ पी. टी ओ झेड. एल पी ई डी. चुकला की मी पहिल्यापासून म्हणायला लावायची. चौथ्या दिवशी त्याला खालची ओळसुद्धा घडाघडा येत होती.

मेडिकलला तो पास झाला. मी शाळेत पेढे वाटले. नवी नोकरी, रोजचा सराव, यात इंदूरला जायचं राहूनच गेलं.

दोन महिन्यांनी खात्याच्या स्पर्धेत डावीकडून आलेला ठोसा त्याला दिसलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांची बशी समोर असताना त्याने उजवा डोळा झाकला आणि म्हणाला, "ताई, काहीच नाही." आम्ही नानाखेड्याच्या स्टँडवरून इंदूरची मिळेल ती बस पकडली.

ऑपरेशन झालं. डोळ्याभोवती बाहेरून सिलिकॉनची पट्टी शिवतात, तिला बकल म्हणतात. आत वायूचा बुडबुडा सोडतात, त्याने पडदा मागे दाबला जातो. त्यासाठी दहा दिवस पालथं पडून राहायचं. पमू पालथा पडून वॉर्डातल्या फरशा मोजायचा, मी शेजारी स्टुलावर. उस्ताद सफरचंदं घेऊन आले आणि म्हणाले, "एक आँख से भी लोग लड़े हैं." मी त्यांना सफरचंदांसकट परत पाठवलं. आई रागावली, मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

डोळ्यावरचं बँडेज निघालं तेव्हा उजेड कळत होता, आकार नाही. डॉक्टर म्हणाले, "मॅक्युला म्हणजे पडद्याचा अगदी मधला भाग. तोही सुटलेला होता. दोन महिन्यांपूर्वी आला असता तर बरंच वाचलं असतं. नोकरीच्या मेडिकलमध्ये हे सापडलं कसं नाही?"

पमू माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "तक्ता मी पाठ करून घेतला होता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही शिक्षिका ना?" एवढंच म्हणाले.

मार लढतीत लागला म्हणून खात्याने त्याला काढलं नाही, फायलींवर बसवलं. फोटो अजून देव्हाऱ्याशेजारी आहे. मी काढते, आई परत लावते. चिकाटीचं कौतुक माझ्यासमोर कोणी करू नये.

उजव्या डोळ्यालाही धोका असतो, म्हणून दर सहा महिन्यांनी आम्ही इंदूरला जातो. पमू म्हणतो, "ताई, तू बाहेर बस." मी आत जाते. गेल्या खेपेस तक्त्यामागचा दिवा लागला आणि पमूने धडाधड सुरू केलं, ई, एफ पी, टी ओ झेड.

"थांबा," मी नर्सला म्हटलं. "दुसरा तक्ता लावा."

तिने हिंदीचा लावला. पमूने माझ्याकडे रागाने पाहिलं, मग डोळा बारीक करून वाचायला लागला. एकेक अक्षर, अडखळत. चौथ्या ओळीत तो चुकला. मी अक्षर सांगितलं नाही.