देवांच्या गठ्ठ्यातलं पान

नातीनं आज सिंदी गावातल्या आमच्या किराणा दुकानातला खालचा खण उघडला आणि हिंगाचा, जुन्या कागदाचा वास आला.

मी लहान असताना बाबा रद्दीच्या कागदात पुड्या बांधत. देवाचं चित्र असलेलं पान मात्र बाजूला ठेवून नंतर नदीत सोडत. एकदा जर्मनीतल्या छळछावणीचं पान निघालं. फोटोत काटेरी तारेमागे नुसती हाडं उरलेली माणसं, खाली त्यातून जिवंत सुटलेल्या एकाची हकिगत. गिऱ्हाईक ताटकळत असताना बाबांनी ती पुरी वाचली आणि पान देवांच्या गठ्ठ्यावर ठेवलं.

"बाबा, हे तं देव नाईत," मी हसले.

"मानसं हायेत. यात जिरं कसं बांधू?"

नदीत देव सोडले, पण ते पान त्यांनी परत आणून याच खणात ठेवलं. "हे बुडवाचं नाई, पोरी."

"आजी, हे कोन?" खणातलं ते पान धरून नातीनं विचारलं. मी चष्मा पुसला, तिला जवळ बसवलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.